बून-क्यातला देवानं धरलं म्हणे

साखरपुड्याच्या जेवणावळीत मुलाकडची मंडळी शेवटचा पदार्थ यायच्या आत उठतात, आणि उठताना कुणी 'येतो' म्हणत नाही, कुणी 'या' म्हणत नाही. माना खाली, चपला पायात, की थेट गाडीत. निरोप घेतला म्हणजे पुन्हा भेट आली, आणि पुन्हा भेट आली म्हणजे साखरपुडाही पुन्हा आला. एवढं आमच्या खाडीकाठच्या कुत्र्यांनासुद्धा कळतं. तीही अशा वेळी भुंकत नाहीत. आणि त्या दिवशी, तेवीस टेबलांच्या मांडवात, नवऱ्यामुलाची आई मान खाली घालून चोरपावलांनी निघालेली असताना आमचा आचारी बून-क्यात चुलीमागून बाहेर आला, झारा उंच धरला आणि खणखणीत ओरडला, "पुन्हा या हं! पुढच्या वेळी खेकडे मोठे घालतो!"

मुलीच्या आजीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. स्वतःचं. बून-क्यातचं दाबायला तिचा हात पोचला नसता.

मी तिथंच होतो. मी कुठं नसतो? मांडवाची लाल टेबलं आणि प्लास्टिकची स्टुलं भाड्यानं द्यायचा माझा धंदा. आता मुलगा बघतो, पण मी जेवायला जातोच. वस्तीत मला तोंडाळ काका म्हणतात. माझ्या समोरही म्हणतात, म्हणजे पाठीमागे काय म्हणत असतील त्याचा हिशेब मी ठेवत नाही. बून-क्यातनं चुली मांडायच्या आणि मी टेबलं मांडायची, असा आमचा तीस वर्षांचा जोड. त्यामुळे मी सरळ चुलीकडे गेलो.

"अरे, काय बोललास तू? शुद्धीत आहेस ना?"

"खेकडे लहान होते," तो म्हणाला, आणि भांडं घासायला लागला.

ही गोष्ट कळायची तर आधीचा बून-क्यात माहीत हवा. वय सत्तावन्न. बापही आचारीच होता. माणूस इतका लाजाळू की जेवण संपताना यजमान आचाऱ्याला मुख्य टेबलाशी बोलावतो, पेला हातात देतो, त्या वेळी हा वाफेच्या टोपल्यांमागे लपायचा आणि बायकोला पुढे करायचा. सिऊ-बीला, म्हणजे त्याच्या बायकोला, गावातल्या प्रत्येक नवरदेवाच्या बापाबरोबर पेला उंचवावा लागलाय. शेवटचा पाहुणा जेवल्याशिवाय यानं कधी घास घेतला नाही. घेतला तरी पांढरी पेज आणि मुळ्याचं लोणचं. गोडाला शिवायचा नाही. आणि कुणाच्या बोटाला कापलं की हातातलं काम टाकून हा आधी धावणार. माझ्या कोपरावर टेबल पडलं होतं तेव्हा यानं स्वतःच्या सदऱ्याची बाही फाडून बांधली होती. नवा सदरा होता. मी असतो तर जुन्या फडक्यावर भागवलं असतं.

असा माणूस 'पुन्हा या' ओरडतो म्हटल्यावर वस्तीला काम मिळालं.

देवळाच्या ओसरीवर रोज दुपारी आमची चहाची बैठक असते. चार म्हातारे, एक किटली, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तो गैरहजर. आठवडाभर दुसरा विषय नव्हता. एकानं सांगितलं, मुलाकडच्यांशी याचं जुनं वैर असणार, मुद्दाम केलं. दुसरा म्हणाला, पितो. मी म्हणालो, "बाई आहे." मला विचाराल तर कुठल्याही पुरुषाच्या कुठल्याही बदलामागे बाई असते असं माझं मत होतं, आणि सत्तर वर्षांत ते दोनदा खरंही ठरलं होतं.

मग एकेक जुन्या गोष्टी आठवायला लागल्या. संशय आला की मागचंही सगळं नव्यानं दिसतं. गेलं वर्षभर त्याच्या जेवणात साखर वाढत चालली होती, पण आमच्या दक्षिणेकडे कालवांच्या आमटीतही साखर असते, त्यामुळे कुणाच्या जिभेला पत्ता लागला नाही. उलट लोक म्हणाले, हात बसलाय. उत्तरेकडून आलेल्या एका पाहुण्यानं तेवढं विचारलं होतं, "मासा मिठाईत धरतात का तुमच्याकडे?" आम्ही त्याला हसलो होतो.

आणि माझ्या थोरल्या भावाची अंत्ययात्रा. तिथं बून-क्यात हसला. मनात नाही, मोठ्यानं. वाजंत्रीवाल्याच्या तुतारीतून चुकीचा सूर निघाला, तर हा हसला, आणि भावासमोर ठेवलेल्या नैवेद्यातली शेंगदाण्याची वडी उचलून तोंडात टाकली. माझ्या वहिनीनं पाहिलं. मी पाहिलं. तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलत होतो. राग नव्हता म्हणणार नाही, खूप होता.

तर बाईचा माग काढायचा मी विडा उचलला. दोन वाजता तो घरातून निघतो, ही बातमी आ-मुईची. तिचं कोपऱ्यावर वाणसामानाचं दुकान आहे आणि डोळे चारही दिशांना आहेत. मी वर्तमानपत्र डोक्यावर धरून मागे निघालो. ऊन मी म्हणत होतं. तो भराभर चालत होता, इकडे नाही, तिकडे नाही. विजेच्या प्रत्येक खांबाला हात लावत होता. भूमिदेवाच्या घुमटीसमोर थांबला, ताटलीतला नैवेद्याचा एक गोड गोळा उचलला, खाल्ला, पुढे. आ-मुईच्या दुकानात शिरला, गोड दह्याची एक बाटली घेतली, न विचारता, न थांबता, पिता पिता बाहेर. बंधाऱ्यापर्यंत गेला, शेवटच्या खांबाला हात लावला आणि वळला. दोन चाळीसला देवळावरून घराकडे.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. तोच खांब, तोच गोळा, तीच बाटली. चौथ्या दिवशी त्यानं मागे वळून मला म्हटलं, "ए म्हाताऱ्या, तुझा श्वास वाजतो," आणि पुढे गेला. तीस वर्षं मला 'दादा' म्हणणारा माणूस!

बाई नव्हती. मला वाईटच वाटलं. बाई असती तर निदान सरळ गोष्ट होती.

"पोलिसांत द्यायला हवं," आ-मुई म्हणाली. "रोज एक बाटली. काका, मला बाटलीचं नाही. पण डोळ्यांत डोळे घालून नेतो हो! चोराला थोडी तरी लाज असते."

सिऊ-बी त्याला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली होती, हेही आ-मुईकडूनच कळलं. तिथं त्याला विचारलं, आज तारीख काय, शंभरातून सात वजा करत जा, हे पाच शब्द लक्षात ठेव. त्यानं सगळं बरोबर सांगितलं. वर त्या डॉक्टरला सांगितलं, "अकरा वर्षांपूर्वी तुमच्या लग्नात नवव्या क्रमांकाला बदक होतं, तुम्ही खाल्लं नाही." ते खरं निघालं. डॉक्टर म्हणाला, याची स्मरणशक्ती माझ्याहून चांगली आहे, विसरण्याचा आजार नाही, मन थकलं असेल. गोळ्या दिल्या. त्यांनी काही झालं नाही.

म्हणजे आजार नाही, बाई नाही, दारू नाही. मग उरलं काय?

लिआओ अध्यक्षांनी सांगितलं, काय उरलं ते.

लिआओ आमच्या देवळाच्या मंडळाचे अध्यक्ष. साठीचे, पोट पुढे, आणि बोलताना जणू ओंग-या देवाच्या शेजारीच रात्रभर झोपून आल्यासारखे. तीन वर्षांपूर्वी आमचं देवाचं झाड वारलं. म्हणजे ज्याच्या अंगात ओंग-या यायचे तो म्हातारा. तेव्हापासून देवाला तोंड नव्हतं. शेजारच्या वस्तीतल्या देवाला दोन दोन झाडं, आणि आमचे ओंग-या मुके. अध्यक्षांच्या जिवाला हे फार लागलं होतं.

"तुम्ही सगळे आंधळे आहात," ओसरीवर उभं राहून ते म्हणाले. "देव झाड निवडतो तेव्हा आधी काय करतो? माणसाची लाज काढून घेतो. तो रीत पाळत नाही, थोरामोठ्यांना जुमानत नाही, नैवेद्य सरळ उचलतो. कारण नैवेद्य कुणाचा? देवाचा. उचलला कुणी? देवानं! आणि रोज ठरल्या वेळी वस्तीला फेरी कोण घालतो? अरे, हा गस्त घालतोय गस्त! ओंग-या गस्त घालतायत!"

आम्ही चौघांनी पेले खाली ठेवले. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. आणि काटा खाली बसायच्या आत मला दुसराच संशय आला: हे सगळं बून-क्यातलाही माहीत असणार. म्हणजे बेटा सोंग करतोय. झाडाला मान असतो, दक्षिणा असते, गावच्या पंगतीत पहिलं ताट असतं. 'पुन्हा या'नं नाव घालवलं, आता देवाच्या नावानं परत मिळवतोय. आणि माझ्या भावाची वडी? तीही देवानंच खाल्ली म्हणायची का!

अध्यक्षांनी कौल लावला. लाकडाच्या दोन चंद्रकोरी, एका अंगानं सपाट, दुसऱ्या अंगानं फुगीर. एक पालथी, एक उताणी पडली की देवाचा होकार. दोन्ही सपाट वर आल्या तर देव हसला, दोन्ही फुगीर वर आल्या तर नकार. मोठ्या कामाला होकार लागोपाठ तीन लागतात. अध्यक्षांनी विचारलं, "ओंग-या, हा माणूस तुम्हाला पसंत आहे का?" होकार. होकार. होकार.

ठरलं. सहाव्या महिन्यात देवाचा वाढदिवस. त्याच्या आधी बून-क्यातला देवळाच्या बाजूच्या खोलीत सात दिवस कोंडून बसवायचं. दाराला पिवळ्या कागदाची मोहोर. मीठ नाही, शिजवलेलं नाही, पाठ टेकायची नाही. आठव्या दिवशी दार उघडायचं, हातात काट्यांचा गोळा द्यायचा, आणि त्यानं स्वतःच्या पाठीवर मारत पालखीपुढे चालायचं. देव अंगात असला की दुखत नाही म्हणतात.

सिऊ-बी माझ्या घरी आली. दारातच उभी.

"दादा, तुम्ही सगळीकडे बोलता, मग मलाही सांगा. तुमच्या मते हे काय आहे?"

"तुझ्या मते काय आहे?" मी उलट विचारलं. सावध राहिलेलं बरं.

"देव असेल तर बरं होईल हो," ती म्हणाली. "देव असेल तर सगळं धुऊन निघेल. साखरपुडा, आ-मुईच्या बाटल्या, तुमच्या भावाचं ते. लोक मला चोराची बायको म्हणायचे थांबतील. पण देव नसेल आणि मी त्याला त्या खोलीत सात दिवस उपाशी कोंडलं, तर?" मग म्हणाली, "त्याला रोज दोन वाजता निघावंच लागतं, दादा. एकदा पावसात मी दार लावून घेतलं, तर डोकं आपटून आपटून कपाळ फोडून घेतलं. सात दिवस दार बंद राहिलं तर तो जिवंत बाहेर यायचा नाही."

"सोंग करत असेल तर?" मी म्हटलं. मला राहवेना.

तिनं माझ्याकडे बघितलं. "असेल तर मी नाचेन," म्हणाली, आणि गेली.

कोंडणीला बारा दिवस होते, तेव्हा एका घरभरणीची आठ टेबलांची जेवणावळ निघाली. यजमानानं बून-क्यातलाच सांगितलं. होऊ घातलेल्या झाडाच्या हातचं जेवण, घराला शुभ! मी टेबलांच्या निमित्तानं चुलीपाशी स्टूल टाकून बसलो. सोंग पकडायचं तर स्वयंपाकघरात पकडावं. तिथं कुणी बघत नाही असं माणसाला वाटतं.

त्याचे हात बघण्यासारखे चालत होते. बारा पदार्थ, एकाचाही क्रम चुकला नाही. सिऊ-बी मात्र त्याच्या मागे मागे, साखरेचा डबा लपवल्यासारखा काखेत धरून. आठवा पदार्थ सूप. ती उकळतं पातेलं उचलून निघाली, सांडलेल्या तेलावर पाय गेला, आणि पातेल्यासकट खाली. डाव्या हातावर कोपरापर्यंत उकळतं सूप. तिची किंकाळी मांडवात ऐकू गेली. बाहेरचं गाणं थांबलं.

मी बून-क्यातकडे बघत होतो. तेवढ्यासाठीच तर बसलो होतो.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग तिला ओलांडून तो पलीकडे गेला. ओलांडून, जसं आपण डबकं ओलांडतो. शेवटच्या पदार्थासाठी ठेवलेल्या गोड गोळ्यांचं ताट उघडलं आणि एक खाल्ला. दुसरा खाल्ला.

"अरे, बायको भाजली!" मी ओरडलो.

"हो," तो म्हणाला. "सूप गेलं. आता नववा."

मी आयुष्यभर सोंगं बघितलीत. लग्नात रडणाऱ्या सासवा, अंत्ययात्रेत बेशुद्ध पडणारे जावई. सोंग करणारा एकदा तरी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतो, कुणी बघतंय का. यानं बघितलं नाही. आणि देवही मी बघितलाय. आमच्या जुन्या झाडाच्या अंगात ओंग-या आले की चिडायचे, रडायचे, विधवांच्या डोक्यावर हात ठेवायचे. देवाला माणसाचं काहीतरी लागतं. या चेहऱ्यावर काही नव्हतं. दार उघडं होतं आणि आत कुणी राहत नव्हतं. माझ्या कोपराला बाही बांधणारा माणूस मी तिथं खूप शोधला.

तिचा हात मी नळाखाली धरला. ती रडत नव्हती.

"तीस वर्षांत माझ्या बोटाला सुई टोचली तरी फुंकर मारायचा," ती म्हणाली. "माझं नाव त्याला येतं, दादा. माझा वाढदिवस येतो. मला दुखतं, एवढंच येत नाही."

"मोठ्या शहरातल्या इस्पितळात नेऊ," मी म्हटलं.

"देवाचा कौल झालाय. अध्यक्ष नेऊ देतील? आणि देवाला न विचारता नेलं आणि त्याला काही झालं, तर सगळी वस्ती म्हणेल मी मारला."

"मग विचारू. देवालाच विचारू."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात अध्यक्ष हाताची घडी घालून उभे. "एकदा होकार झाल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे देवावर संशय!"

"देवावर नाही, अध्यक्षसाहेब," मी म्हटलं. "तुमच्या प्रश्नावर. तुम्ही विचारलंत, पसंत आहे का. अहो, बून-क्यात कुणाला पसंत नव्हता? ओंग-यांनी तीस वर्षं त्याच्या हातचं खाल्लंय. कोंडू का, हे कुठं विचारलंत?"

मागे दोन बायका हसल्या. अध्यक्षांची मान लाल झाली.

सिऊ-बी गुडघ्यांवर बसली. डावा हात पट्टीत, म्हणून दोन्ही चंद्रकोरी उजव्या हातात. "ओंग-या, याला कोंडायच्या आधी डॉक्टरला दाखवलं तर चालेल का?" टाकल्या. होकार. पुन्हा. होकार. तिसऱ्यांदा टाकल्या. एक चंद्रकोर जागेवर पालथी पडली. दुसरी घरंगळत आली आणि माझ्या गुडघ्याला टेकून कडेवर उभी राहिली. ना अशी, ना तशी. मी तिच्या बाजूलाच बसलो होतो. अध्यक्ष पलीकडून वाकून बघायला लागले.

मला नमस्कार करावासा वाटला. नमस्कार करताना माणूस वाकतो. वाकताना गुडघा हलतो.

होकार.

यावर माझं एवढंच म्हणणं आहे की ओंग-यांनी ते पाहिलं आणि मला आजवर काही केलेलं नाही. यातून काय समजायचं ते तुम्ही समजा.

शहरातली डॉक्टरीणबाई चाळिशीची, केस आखूड, बोलणं थोडं. बून-क्यातला तिनं पाच मिनिटं विचारलं आणि चाचणीला पाठवलं. मग सिऊ-बीला तासभर. "गोड जास्त खातात? पूर्वी नव्हते खात?" "रोज त्याच वाटेनं, त्याच वेळी?" "दुसऱ्याच्या दुःखात हसतात?" "वस्तू उचलतात, पण लपवत नाहीत?" "तुम्हाला लागलं तर काहीच वाटत नाही?"

सिऊ-बीच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, तुम्ही आमच्या दाराआड राहत होतात का?"

दोन खेपा झाल्या, मेंदूची चित्रं काढली. मग बाईंनी ते चित्र उजेडावर धरून दाखवलं. कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग आक्रसला होता. वाळत टाकलेल्या मुळ्यासारखा, असं मला दिसलं. नाव लांबलचक: फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. मी ते कागदावर लिहून घेतलं, खाली बाईंचं नाव आणि इस्पितळाचा पत्ताही.

"पण याला सगळं आठवतं!" मी म्हणालो.

"आठवण ठेवणारा भाग अजून शाबूत आहे, म्हणूनच फसायला होतं," त्या म्हणाल्या. "या आजाराला म्हातारपणच लागतं असं नाही. पन्नाशीत येतो, चाळिशीतही येतो. विसरण्यानं सुरू होत नाही, वागण्यानं सुरू होतो. 'थांब, हे बरं दिसत नाही' असं आतून सांगणारा जो असतो ना, तो पहिल्यांदा जातो. आणि दुसऱ्याचं दुखणं कळणं जातं. लोक म्हणतात माणूस बिघडला. घटस्फोट होतात, नोकऱ्या जातात, चोर म्हणून धरतात, आणि आमच्याकडे यायला कित्येक वर्षं लागतात."

"आमच्याकडे देव म्हणून धरला," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. सिऊ-बीनं त्यांना कोंडणीचंही सांगितलं होतं. "उपाशी कोंडणार होतात?"

मी माझा कागद घडी करून खिशात ठेवला.

"बरा होईल?" सिऊ-बीनं विचारलं.

"नाही. औषधानं थोडी चिडचिड कमी होते, आजार थांबत नाही. पुढे बोलणं कमी होईल, मग बाकीचंही. चूल आणि गाडी आजपासून बंद. पण फेरी बंद करू नका, ती त्याला सांभाळते. समजावू नका, भांडू नका. ज्या भागाला समजायचं तोच उरला नाही. त्याच्या वाटेवरची माणसं तेवढी समजावा. ती समजतील." मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही शेवटच्या पूर्ण झोपलात कधी?"

तेव्हा सिऊ-बी रडली. हात भाजला तेव्हा नाही, नवरा बरा होणार नाही म्हटल्यावर नाही, झोपेचं विचारल्यावर. मी खिडकीबाहेर बघत बसलो. खाली एक मिठाईचं दुकान होतं आणि बून-क्यात त्यात शिरत होता. मी धावलो.

अध्यक्षांनी इस्पितळाचा कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला. "हे आजकालचे डॉक्टर सगळ्यालाच नाव देतात. देवानं धरलेल्या डोक्याचं चित्र कसं दिसतं, ते त्या बाईनं कधी पाहिलंय का?" पण दाराला मोहोर लागली नाही. कोंडणीला बायकोची सही लागते, आणि सिऊ-बीनं ती दिली नाही.

वस्ती काही एका दिवसात शहाणी झाली नाही. कुणी म्हणालं, पोलिसांपासून वाचायला कागद आणला. कुणी म्हणालं, घराण्याचं पाप आहे. आ-मुईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, खरं सांगा, हे लागतं का? माझ्या बाटल्यांना हात लावतो तो."

"लागत असतं तर तुला आधी लाज सुटायचा रोग झाला असता," मी म्हटलं. "तीन वर्षं माझी छत्री तुझ्याकडे आहे."

देवाचा वाढदिवस आला. साठ टेबलं, आचारी पलीकडच्या गावचा. गाण्याच्या मंचावर एक बाई चकचकीत कपड्यांत गात होती. चौथ्या पदार्थानंतर सिऊ-बी मंचावर चढली आणि तिच्या हातातून ध्वनिक्षेपक मागून घेतला. ज्या बाईला तीस वर्षं नवऱ्याच्या वतीनं पेला उचलावा लागला, तिला चारचौघांची भीती कसली, असं मला वाटत होतं. पण ध्वनिक्षेपक तिनं दोन्ही हातांनी आवळून धरला.

"मी बून-क्यातची बायको," ती म्हणाली. हे सगळ्यांना माहीत होतं. "त्याला देवानं धरलेलं नाही. तो चोर नाही. ज्यांच्या साखरपुड्यात तो ओरडला, त्यांची मी माफी मागते. त्याला ती मागता येत नाही. त्याच्या डोक्यात पुढच्या बाजूला आजार आहे." आणि तिनं ते लांबलचक नाव म्हटलं. पाठ केलं होतं. दोनदा म्हटलं. "तो दोन वाजता निघतो. आ-मुईकडे त्याची बाटली मी सकाळीच ठेवून जाईन. घुमटीतला गोळाही मीच ठेवीन, तो देवाचा नसेल, त्याचा असेल. त्याच्याशी भांडू नका. तुम्हाला म्हातारा म्हणाला तर..."

"तर आम्ही म्हातारेच आहोत!" माझ्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं. थोडे हसले. बरेचसे नाहीत. मागच्या एका टेबलावर लोक पाचवा पदार्थ का येत नाही म्हणून मान वळवून बघत होते.

बून-क्यात तेवढ्यात टेबलाटेबलावरून फिरून गोड गोळे उचलत होता. अकराव्या टेबलावर एकानं ताटली मागे ओढली. बाराव्या टेबलावर एका म्हातारीनं त्याच्या पुढे केली. त्यानं दोघांकडेही सारखंच बघितलं.

लिआओ अध्यक्ष माझ्या कानाशी वाकले. "तोंडाळ, एक सांग. तो तिसरा कौल आपोआप पडला ना?"

"अध्यक्षसाहेब," मी म्हटलं, "देवावर संशय?"

ते निघून गेले. मी उठलो, हात धुवायला टाकीपाशी गेलो. तिथं माझ्या मागे एक बाई येऊन उभी राहिली. आमच्याच वस्तीतली, चांगल्या घरची, नवऱ्याला लोक रस्ता सोडून नमस्कार करतात अशी. तिनं नळ मोठा सोडला, म्हणजे आवाज झाकावा.

"काका, त्या सिऊ-बीच्या डॉक्टरीणबाईंचं नाव तुम्हाला माहीत आहे ना?" ती म्हणाली. "आमचे हेसुद्धा... गेल्या वर्षापासून रोज दहा दहा केळी खातात. आणि माझ्या आईच्या अंत्ययात्रेत शीळ घालत होते. मी समजत होते, मुद्दाम करतात. दोनदा हात उचललाय मी त्यांच्यावर."

मी खिशातून तो लिहून ठेवलेला कागद काढला आणि तिला दिला. तिनं तो ओल्या हातानंच घेतला.

ती कोण, ते मात्र विचारू नका. कितीही चहा पाजलात तरी सांगणार नाही.